मणक्याचा टीबी आणि मी न वाचलेला शोधनिबंध

पाठीत दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे गेलात आणि "मणक्याचा टीबी" असं ऐकून उताणे पडलात, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. पडल्या पडल्या हातात धरून वाचता यावं म्हणून थोडं थोडं लिहिलंय. मधेच कंटाळा आला तर सोडून द्या, मी रागावणार नाही. पण तुमच्या उशाशी कुणी प्रेमानं एखादा छापील कागद आणून ठेवला असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा. तसा एक कागद माझ्याही घरात होता, आणि तो मीच छापला होता.

खुर्चीचा दोष

विद्यापीठाच्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तिथून आम्ही एक जर्नल काढायचो. "उपयोजित विज्ञान, वैद्यक आणि उद्योग-व्यवस्थापन यांतील अद्ययावत संशोधनाला वाहिलेलं आंतरराष्ट्रीय नियतकालिक" असं मुखपृष्ठावर असायचं. आंतरराष्ट्रीय एवढ्यासाठी, की एकदा नेपाळहून एक लेख आला होता. एका पानावर काँक्रीटमध्ये राख मिसळली तर काय होतं, पुढच्या पानावर मधुमेह, त्याच्या पुढच्या पानावर गोदामात खोकी कशी रचावीत. मालक एक निवृत्त प्राध्यापक, त्यांना मी सर म्हणायची. आतल्या पानावर माझं नाव "कार्यकारी संपादक" म्हणून छापलेलं असे. माझं खरं काम म्हणजे लोकांचं इंग्रजी सुधारणं, मजकूर दोन रकान्यांत बसवणं आणि लेखकाला प्रमाणपत्र पाठवणं.

आणखी एक काम होतं, ते कुठं छापलेलं नव्हतं. प्रत्येक निबंध तीन तज्ज्ञांनी तपासायचा असतो. सुरुवातीला सर खरोखरच तज्ज्ञांकडे पाठवायचे. ते महिनोन्‌महिने उत्तर देत नसत आणि इकडे लेखकाची बढती अडलेली असे. मग एक दिवस सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघा काहीतरी." तेव्हापासून तिन्ही परीक्षक मीच. पहिला कडक, दुसरा दिलदार आणि तिसरा फक्त संदर्भांतले स्वल्पविराम मोजणारा. तिघांची मला इतकी सवय झाली होती, की तिसऱ्याचा कधी कधी रागही यायचा.

पाठ दुखायला लागली तेव्हा सगळा दोष मी खुर्चीला दिला. उशी घेतली, तेल चोळलं, पट्टा बांधला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते कामाच्या शिणानं असं ठरवलं. वजन उतरलं तर गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बारीक झालीस गं, काय करतेस?" मला त्याचा आनंदच व्हायचा, खोटं कशाला सांगू.

फिल्म

एमआरआयच्या त्या नळकांड्यात शिरण्याआधी अंगावरचं सगळं काढून द्यावं लागतं. मी बाहेर आले तेव्हा माझा नवरा संतोष हातरुमालात माझं मंगळसूत्र आणि बांगड्या गच्च धरून बसला होता. तो वाळूजला एका कंपनीत मशीनवर आहे. एरवी बोलका माणूस, त्या दिवशी मात्र फक्त "झालं?" एवढंच म्हणाला.

मग सुईनं मणक्यातला नमुना काढला, तपासला, आणि त्यानंतर डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडाला धरली. "हे दोन मणके बघा. पोखरलेत. टीबी आहे."

"मॅडम, टीबी तर छातीत असतो ना?" संतोष म्हणाला.

"कुठंही होतो. हा औषधानं बरा होतो. पण आतल्या मज्जारज्जूवर दाब यायला नको. तेव्हा उठायचं नाही, बसायचं नाही. जेवण, आंघोळ, सगळं झोपून. कुशीवर वळायचं ते दोघांनी मिळून वळवायचं."

"किती दिवस?"

"आधी दीड महिना, मग बघू. गोळ्या मात्र वर्षभर तरी. एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत."

मी विचारलं, "पाय जातील का माझे?"

त्यांनी फिल्म खाली ठेवली. "गोळ्या नीट घेतल्या तर जाऊ नयेत. मधेच सोडल्या तर मी काही सांगू शकत नाही." हे वाक्य मी त्या दिवशी पाठ केलं होतं. तरी पुढं काय केलं ते सांगतेच.

शेजारची कॉट

वॉर्डात माझ्या डाव्या हाताला कौसल्यामावशी होती. वैजापूर तालुक्यातली, मेंढरंवाल्यांच्या घरातली. तिलाही हाच आजार. आम्ही दोघी पंधरा दिवस शेजारी शेजारी पडून होतो, पण एकमेकींचं तोंड काही नीट पाहिलं नाही. मान वळवायची तर डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचा तो फक्त तिचा हात. मनगटावर हिरवं गोंदण आणि चांदीचं कडं. बाकी नुसता आवाज.

"आठ महिने मेंढरामागं चालनारी बाई मी," ती छताला सांगायची. "दोन पावसाळ्याच्या मधात बूड टेकवलं नाय कधी. आन आता ह्यांनी मला वाळवनावानी पसरून ठिवलंय."

पहिल्या गोळीनंतर लघवी नारिंगी झाली, तेव्हा तिनं अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. "माय, रंगपंचमी आतूनच सुरू झाली!" नर्ससुद्धा हसल्या. तुम्हालाही होईल तशी. घाबरू नका, ती गोळीच तशी असते.

मावशीला वाचता येत नव्हतं. गोळ्यांची पाकिटं मी वर धरून वाचून दाखवायची, सकाळची कुठली, जेवणाआधीची कुठली. एकदा तिनं विचारलं, "तू काय काम करती गं?"

"डॉक्टर लोकं जे शोध लावतात ते तपासून छापते."

"मंग तू डॉक्टरांची मास्तरीन म्हन की!"

मी नुसती हसले. नाही म्हणायला काय झालं होतं मला? पण अंगावर स्वतःचा गाऊन नाही, खाली बेडपॅन, अशा माणसाला कुणी मास्तरीण म्हटलं तर ते सोडवत नाही. घरी जाताना मावशीच्या मुलानं आणि संतोषनं एकमेकांचे नंबर घेतले.

घर

घरी पुढच्या खोलीत पंख्याखाली कॉट टाकली. फुलंब्रीहून सासूबाई आल्या. येतानाच गुलमंडीच्या बाजारातून कापड घेऊन पुढून उघडणारे चार गाऊन शिवून घेतले होते, ते घालायला फार सोपे. त्यांनीच माझी ताट-वाटीही वेगळी काढली. हा टीबी एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं संतोषनं त्यांना चारदा सांगितलं. "व्हय रे, कळतंय मला," असं म्हणत त्या ताट पुन्हा वेगळंच ठेवत. गाऊन आणि ताट दोन्ही एकाच बाईनं दिलं, म्हणून मला धड रागावताही येईना.

उताणं पडून राहणं म्हणजे काय, ते पडल्याशिवाय कळत नाही. छताला एक चीर होती, तिला तीन फाटे होते. नाकावर माशी बसली तर तेवढं हाताला जमत असे. पण दाराशी कोण आलं ते दिसत नाही, आणि घरातले लोक तुमच्या डोक्यामागं उभं राहून तुमच्याबद्दल बोलतात. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. एका पाण्याच्या दिवशी सासूबाई मंदिरात आणि संतोष ड्यूटीवर होता. टाकी भरून वाहायला लागली. ते पाणी अंगणात पडत होतं, मी ऐकत होते. मोटरचं बटण माझ्यापासून सात पावलांवर होतं. मी कोपरावर अर्धी उठलेसुद्धा, पण मॅडमचं वाक्य आठवलं आणि परत पडले. अर्धा तास पाणी वाहिलं आणि मी रडले. पाण्यासाठी माणूस इतकं रडतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी संतोषनं जुन्या स्कूटरचा आरसा आणून कॉटच्या दांडीला पक्का बसवला. आता मला दार दिसायला लागलं, भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागलं, आणि शोकेस. त्या शोकेसमध्ये संतोषनं आमच्या जर्नलचे सगळे अंक ओळीनं लावून ठेवले होते. घरी कुणी आलं की एक अंक काढून तो आत माझ्या नावावर बोट ठेवायचा. जमलं तर आरसा नक्की लावून घ्या, एवढं सगळ्यांना सांगते.

प्लास्टिकचा फोल्डर

गोळ्या मला सोसत नव्हत्या. घेतल्या की तासाभरात उलटी. आणि झोपून उलटी करणं काय असतं ते इथं लिहीत नाही. सासूबाई तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "पोरीच्या पोटात अन्न ठरंना, ह्या गोळ्याच खात्यात तिला."

एक दिवस संतोष पहिल्या पाळीवरून आला आणि पायही न धुता माझ्याजवळ बसला. हातात प्लास्टिकचा फोल्डर. "सुनंदा, सापडलं बघ," म्हणाला. "चार दिवस तुझे सगळे अंक चाळतोय. इंग्रजी मला कुठं धड येतं, पण टीबी शब्दाचं स्पेलिंग कागदावर लिहून घेतलं आणि एक एक पान शोधलं. हे बघ. हाडाच्या टीबीवर काढा. रोगी चालायला लागले म्हणून लिहिलंय. तुझ्याच जर्नलमध्ये आहे! तूच तपासलंय की हे!"

त्यानं पान माझ्या डोळ्यांसमोर धरलं. तक्ता पुढच्या पानावर ढकललेला, ती माझीच सवय. एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या गृहस्थांचा तो निबंध होता. त्यांना बढतीची घाई होती. रोगी किती होते ते सांगत नाही, एका रिक्षात मावले असते. त्यांना गोळ्याही चालू होत्या की नव्हत्या, याचा कुठं पत्ता नाही. हे सगळं मला तेव्हा, कॉटवर पडून, पहिल्यांदा दिसलं. निबंध माझ्याकडे आला त्या दिवशी मी फक्त त्यातली क्रियापदं सुधारली होती. दिलदार परीक्षकानं "समाजोपयोगी व मोलाचे संशोधन" असं लिहिलं होतं. कडकानं एक आलेख मोठा करायला सांगितला होता.

"काय म्हणतेस?" संतोषनं विचारलं.

एवढा आनंद त्याच्या तोंडावर मी एमआरआयच्या आधी पाहिला होता, त्यानंतर त्या दिवशीच. मी म्हणाले, "बघू."

"आठ दिवस गोळ्या बंद ठेवू, काढा देऊ. उलट्या थांबतील, अंगात ताकद येईल. मग मॅडमना सांगू."

त्यानं गोळ्यांचा डबा उचलून शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवला. अंकांच्या शेजारीच. मला तो आरशात दिसत होता आणि माझा हात तिथं पोचणार नव्हता. पण हात पोचत नव्हता हे कारण मी स्वतःला सांगत होते. तोंड तर होतं ना मला. एक वाक्य बोलले असते तर डबा खाली आला असता. ते वाक्य बोलायचं तर शोकेसमधल्या प्रत्येक अंकाबद्दल बोलावं लागलं असतं.

आणि अजून एक खरं सांगते. उलट्या थांबल्या. चार दिवस मी जेवले, झोपले, सासूबाईंचा तो जहरी काढा नाक दाबून प्यायले. मला बरं वाटत होतं. मणक्यांना काय वाटत होतं ते कुणाला माहीत?

फोन

पाचव्या दिवशी दुपारी संतोषच्या फोनवर कौसल्यामावशीचा फोन आला. तो घरीच होता. मला धरावा लागू नये म्हणून त्यानं फोन स्पीकरवर करून माझ्या छातीवर ठेवला.

"मास्तरीन, लई उपकार झाले बाई तुझे!" मावशी ओरडून बोलत होती. "तुज्या नवऱ्यानं ते कागद धाडलं माझ्या पोराला. गोळ्या फेकल्या बघ मी. काढा चालूय. काल तर भिताडाला धरून उभी राह्यले. तुज्या पुस्तकात लिवलंय ना, मानसं चालाया लागली म्हनून?"

उभी राहिली. त्या पोखरलेल्या मणक्यांवर ती उभी राहिली होती.

आरशात मला संतोष दिसत होता, तो हसत होता. सासूबाई दारात गहू निवडत बसल्या होत्या. मला हलता येत नव्हतं, फोन उचलून आत जाता येत नव्हतं. जे बोलायचं ते तिथंच आणि सगळ्यांसमोर.

"मावशी, आडवी हो. आत्ताच्या आत्ता. मुलाला धरून झोपव म्हण."

"कामून गं?"

"तो कागद खोटा आहे."

"आसं कसं? तूच म्हनली व्हतीस, तपासून छापते म्हनून. तुज्या नवऱ्यानं बी सांगितलं, तीन तीन मोठी मानसं तपासत्यात."

"तीन माणसं नाहीत."

"मंग कोन तपासतं?"

"मीच. तिन्ही नावांनी मीच लिहिते. आणि तो कागद मी वाचलासुद्धा नव्हता."

मावशी हळू आवाजात म्हणाली, "तिन्हीबी तूच?"

"हो."

"आन तू? तूबी काढाच पिती?"

"हो. चार दिवस झाले."

फोन बंद झाला. मी परत लावायला सांगितला, तिनं उचलला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिच्या मुलानंही नाही.

संतोष आरशातून निघून गेला. बऱ्याच वेळानं परत आला, स्टूल घेतलं, फळीवरचा डबा काढला, गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि पाणी दिलं. सासूबाईंनी काढ्याचं पातेलं उचलून मोरीत ओतलं. "मला कुठं वाचता येतं," त्या म्हणाल्या. "लई कडू लागला म्हनून मला बी खरा वाटला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर शोकेस रिकामं होतं.

चौथा परीक्षक

मॅडमना संतोषनं फोन करून सगळं सांगितलं. त्या खूप बोलल्या. मग उलटीवर औषध लिहून दिलं. तेवढं आधीच सांगितलं असतं तर निम्मं रामायण टळलं असतं. उलटी होते म्हणून गोळी सोडू नका, उलटी होते असं सांगा. माझ्या सगळ्या अनुभवातलं उपयोगी वाक्य हे एकच असेल.

सरांना फोन केला. "तो निबंध काढून टाका."

"मॅडम, तुम्ही आराम करा बरं. मजकुराची जबाबदारी लेखकाची, असं आपण आत छापतोच."

"सर, एक बाई त्या मजकुरावर उभी राहिली."

"एक काढला तर बाकीच्यांचं काय?" सर म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. बाकीच्यांचं काय, हे मलाही सुचेना.

वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडे होता. उताणी पडून, मोबाइल डोक्यावर धरून, दोन दिवस मी तो निबंध पहिल्या शब्दापासून वाचला. हात भरून यायचे, मोबाइल दोनदा नाकावर पडला. मग तो काढला आणि त्या जागी माझ्या नावानं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं, की हा निबंध कुणीही तपासलेला नव्हता, कडक, दिलदार आणि स्वल्पविराम मोजणारा असे तिन्ही परीक्षक मीच होते, यावरून कुणीही औषध सोडू नये. सरांनी तासाभरात पासवर्ड बदलला. माझी नोकरी तिथं संपली, पण ते पान मात्र तसंच राहिलं. बहुतेक ते कसं काढायचं हे सरांना येत नसावं.

छापील अंक मात्र कुणाकुणाच्या घरी आहेत. त्यांचं मी काही करू शकले नाही. छताच्या त्या तीन फाट्यांकडे बघत मी रोज एकच विचार करायची, मावशी आडवी झाली का.

तपासणीचा दिवस

दीड महिन्याचे अडीच झाले. मग एक दिवस छातीपासून कमरेपर्यंत पट्टा आवळून दोघांनी मला उभं केलं. फरशी गार होती आणि पाय माझेच होते. संतोषनं माझा दंड धरला होता. त्या फोननंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, पण दंड सोडला नाही.

दवाखान्यात ओपीडीबाहेर गर्दी होती. खुर्च्यांच्या रांगेजवळून जाताना मला एक मनगट दिसलं. हिरवं गोंदण, चांदीचं कडं. मी थांबले. तोंड अनोळखी होतं, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लहान आणि सुकलेलं. पट्टा तिलाही होता. शेजारी काठी टेकवलेली होती.

"मावशी," मी म्हणाले.

तिनं वर पाहिलं. मला तिनं ओळखलं ते आवाजावरूनच. माझ्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या. "डावा वडतोय जरा," ती म्हणाली. "डॉक्टरीन म्हनती, यील हळूहळू ताकद. नाय बी येनार कदाचित."

"गोळ्या?"

"त्याच दिशी चालू केल्या. उकिरड्यावर फेकल्या व्हत्या, पोरानं येचून आनल्या. तुझा राग आला म्हनून फोन उचलला नाय. गोळ्यांवर कशाला राग काढू?"

मी काहीतरी बोलायला गेले, पण तिनं हात वर केला.

"मला एकच सांग. तू तिघंजन व्हतीस. एक कडक, एक गोड, आनखी कोन ते. तुज्या नवऱ्यानं तुजं ते मोबाइलवरचं पान पोराला धाडलं मागून, त्यात व्हतं सगळं. तर त्या तिघांतलं एकबी माज्या बाजूचं नव्हतं व्हय गं?"

मागं संतोष उभा होता, तोही ऐकत होता.

मावशीनं मांडीवरच्या पिशवीतून एक लिफाफा काढला. तिच्या नव्या फिल्मचा रिपोर्ट, त्याच दिवशी मिळालेला. मुलगा औषधाच्या रांगेत होता. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"वाच," ती म्हणाली. "आधी सांग कुनी लिवलंय. मंग वाच. आन या टायमाला खरंच वाच."

खाली डॉक्टरांचं नाव आणि सही होती, ती मी आधी वाचली. मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. जो शब्द कळला नाही तिथं "हे मला कळत नाही" असं म्हटलं. माझी पाठ भरून आली, संतोष खुर्ची घेऊन आला, पण मला बसायची परवानगी नव्हती. मी उभ्यानं तो रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.